अल्टरनेटर परत बसवताना बेल्ट किती ताणायचा?

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका गाडीमालकाने जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या अल्टरनेटरची (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) बेअरिंगं बदलून घेतली आणि आठवडाभरापूर्वी अल्टरनेटर घरीच परत बसवला. बेल्टही नवा घातला, ४ पीकेचा, म्हणजे आतून चार उभ्या धारा असलेला. आता सकाळी गाडी चालू केली की बेल्ट अर्धा मिनिट चिरकतो आणि मग गप्प होतो. एक मिस्त्री म्हणतो, "हलणार नाही इतका आवळा." दुसरा म्हणतो, "अर्धा इंच खेळ ठेवा." कोणाचं ऐकायचं? आणि आवाज जाईपर्यंत आवळत गेलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, चालणार नाही. बेल्ट मापाला आला की थांबायचं, आवाज गेला की नव्हे. माप बरोबर असूनही आवाज येत असेल, तर दोष ताणात नाही, दुसरीकडे आहे. तो शोधायचा सोडून आवळत गेलात तर नुकतीच पैसे मोजून बदललेली बेअरिंगंच आधी जातील.

"अर्धा इंच" हे उत्तर अगदी चूक नाही, पण अर्धवट आहे. किती जोर दिल्यावर अर्धा इंच, आणि दोन पुलींमधल्या किती लांबीवर, हे त्यात नाहीच. बेल्टच्या मोकळ्या भागाच्या मधोमध जोर द्यायचा आणि तो किती आत जातो ते बघायचं. त्यावरून ताणाचा अंदाज असा निघतो: जोर गुणिले मोकळी लांबी, भागिले खेळाची चौपट. समजा मोकळी लांबी २०० मिमी आहे, जोर १० किलोचा आहे आणि बेल्ट ८ मिमी आत गेला. ताण झाला साधारण ६२ किलो. १० मिमी गेला तर ५० किलो. आणि "हलणार नाही इतका" आवळून खेळ ४ मिमीवर आणलात तर सव्वाशे किलो. हाच ६२ किलोचा ताण ४०० मिमी लांबीवर असेल, तर बेल्ट १६ मिमी आत जाईल. म्हणजे लांब भागावर अर्धा इंच घट्टही असू शकतो आणि आखूड भागावर तोच अर्धा इंच चांगलाच ढिला.

बेल्ट पुलीला दोन्ही बाजूंनी ओढतो, म्हणून बेअरिंगवर येणारा भार ताणाच्या जवळजवळ दुप्पट असतो. आणि बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट्या प्रमाणात घटतं. भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग आधी बोंबलतं, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर त्याचंही बेअरिंग सैल होऊन सीलमधून कूलंट झिरपायला लागतं. "आवळा" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी सहा महिन्यांनी पुन्हा येते ती अशी.

ढिला ठेवणंही परवडत नाही. ७० अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टला पूर्ण जोरात चालला तर जवळपास १ किलोवॉट वीज देतो. तेवढी वीज काढायला, उष्णतेत जाणारं धरून, इंजिनकडून दोन हॉर्सपॉवरच्या आसपास घ्यावे लागतात. ही सगळी ताकद अल्टरनेटरच्या जेमतेम पावणेदोन-दोन इंचाच्या पुलीवरून जाते, आणि बेल्टला सगळ्यात कमी पकड तिथेच मिळते. बेल्ट घसरला की तापतो, तापला की रबराची कड चकचकीत होते, आणि एकदा चकाकी आली की नंतर बरोबर ताणूनही तो घसरतोच. असा बेल्ट बदलायचा.

आता सकाळचं चिरकणं. स्टार्टर फिरला की बॅटरीतून मोठा करंट जातो. इंजिन लागताच अल्टरनेटर तो भरून काढायला पूर्ण जोरात धावतो, आणि बेल्टवर सगळ्यात जास्त भार नेमका त्या पहिल्या मिनिटात पडतो. बॅटरी भरत आली की भार उतरतो आणि आवाज थांबतो. अल्टरनेटर दुरुस्तीला चार दिवस बाहेर होता, तेवढ्यात कोणी गाडी बॅटरीवर चालवून बघितली असेल किंवा बॅटरीच म्हातारी झाली असेल, तर हा भार आणखी वाढतो. म्हणून बेल्टला हात लावण्याआधी बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करून घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. रिकामी बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणं म्हणजे ताज्या दुरुस्तीला पहिल्याच दिवशी कडक उन्हात हमाली करायला लावणं.

आता प्रत्यक्ष काम. तुमचं बसवून झालं आहे, तरी एकदा सगळं सैल करून पुन्हा नीट लावा. तासाभराचं काम आहे. इंजिन थंड असताना करा, कारण गरम इंजिनवर घेतलेलं माप पुस्तकातल्या मापाशी जुळत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली असते आणि किल्ली बंद असली तरी तिच्यात करंट असतो. तिथे पाना लागून दुसरं टोक बॉडीला टेकलं, तर पाना वितळेपर्यंत ठिणग्या उडतात. यात घाई नको.

बेल्ट काढल्यावर अल्टरनेटरची पुली हाताने फिरवा. ती गुळगुळीत फिरली पाहिजे, खरखर नको, आणि पुली धरून हलवली तर लटपट नको. मग पुली नीट बघा. दुरुस्तीहून आलेल्या अल्टरनेटरवर पुलीच्या मागचा स्पेसर किंवा वायसर राहून जाणं किंवा उलटा बसणं, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. दोन-तीन मिमीचा फरक पडतो, पण बेल्ट तिरका चालायला तेवढा पुरतो. पुलीच्या खाचा दातांच्या सुक्या ब्रशने साफ करा. उमरेडकडे कोळशाच्या रस्त्यांवर गाडी फिरत असेल तर खाचांत काळी पूड गच्च बसलेली असते आणि ती रबराला कानशीसारखी घासते. बेल्टला पेट्रोल, डिझेल, रॉकेल लावू नका. साबण, मेणबत्ती, "बेल्ट स्प्रे" यातलंही काही नको. आवाज दोन दिवस दबतो, मग चिकटलेल्या धुळीसकट परत येतो.

बेल्टचा नंबर तपासा. ४ पीके ८५० असं लिहिलं असेल तर चार धारा आणि ८५० मिमी लांबी. गाडीला लागणारा नंबर मॅन्युअलमधून किंवा जुन्या बेल्टवरून घ्या. दुकानदाराने "हाही चालेल" म्हणून १५-२० मिमी मोठा दिला, तर अल्टरनेटर त्याला धरून ठेवणाऱ्या लांब खाचेच्या पट्टीच्या टोकाला जाऊन टेकतो आणि पुढे ताणायला जागाच उरत नाही. नवा बेल्ट ताणल्यावर खाचेत पुढे निम्म्याहून जास्त जागा उरली पाहिजे.

अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये जाता जात नसेल तर हातोडी घेऊ नका. बऱ्याच अल्टरनेटरच्या मागच्या कानात लोखंडी बुश असतं आणि ते सरकतं. मागच्या वेळी बोल्ट आवळताना ते आत सरकून ब्रॅकेटला चिकटलेलं असतं. लांब बोल्ट, नट आणि एक मोठी गोटी (सॉकेट) लावून किंवा व्हाइसमध्ये धरून ते दोन-तीन मिमी मागे सरकवलं की अल्टरनेटर अलगद बसतो. हे ठाऊक नसलेल्यांनी ॲल्युमिनियमचे कान तोडलेले आहेत, आणि तुटलेल्या कानाला वेल्डिंग टिकत नाही.

खालचा लांब बोल्ट, ज्यावर अल्टरनेटर झुलतो, तो हाताने लावा. पट्टीचा बोल्टही हातानेच. जाड वायरचा नट व्यवस्थित आवळून त्यावर रबरी टोपी बसवा. हा नट ढिला राहिला तर तिथेच तापतो, प्लास्टिक वितळतं, आणि मग दोष बेल्टला दिला जातो. कनेक्टर टक असा आवाज येईपर्यंत दाबा.

बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून बघा, चारही धारा चारही खाचांत बसल्या आहेत ना. एक धार बाहेर आणि एक खाच रिकामी, ही घरी काम करणाऱ्यांची नेहमीची चूक. वरून बघून ती दिसत नाही, बोटाला मात्र लगेच कळते. मग एक फूटपट्टी किंवा सरळ ॲल्युमिनियमची पट्टी क्रँक पुली (इंजिनची मुख्य पुली, जी बेल्ट फिरवते) आणि अल्टरनेटर पुलीच्या तोंडावर आडवी धरा. दोन्ही पुल्यांच्या कडेची जाडी सारखी नसेल तर कडेवरून नव्हे, पहिल्या खाचेपासून मोजा.

इथपर्यंत झालं की खालचा बोल्ट चिमटीत आणा. म्हणजे अल्टरनेटर हाताने ओढला तर हलावा, सोडला तर जागीच राहावा. हा बोल्ट अगदी ढिला ठेवून ताण दिला तर अल्टरनेटर तिरका होतो आणि मगाशी बघितलेली सरळ रेघ बिघडते. खूप घट्ट ठेवला तर तुमचा जोर बेल्टपर्यंत पोचतच नाही.

तुमच्यासारख्या खाचेच्या पट्टीच्या गाडीत अल्टरनेटर बाहेर ओढायला टॉमी (लोखंडी दांडा) किंवा हातोडीचा लाकडी दांडा लागतो. तो टेकवायचा पुढच्या कव्हरच्या जाड भागावर, बेल्टच्या बाजूला. मागच्या कव्हरवर कधीच नाही, त्याच्या आत डायोडची प्लेट असते. मधल्या लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्यावरही नाही. दांड्याचं दुसरं टोक इंजिन ब्लॉकवर टेकवा, रेडिएटरच्या पाइपवर किंवा ऑइल फिल्टरवर नको. एका हाताने दाब धरून दुसऱ्या हाताने पट्टीचा बोल्ट निम्मा आवळा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी लावा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने दोन पूर्ण फेरे द्या. बेल्ट खाचांत बसतो आणि सगळ्या बाजूंचा ताण सारखा होतो. हे न करता मोजलं तर एका बाजूला घट्ट, दुसरीकडे ढिला, असं फसवं माप मिळतं.

आता मोजायचं. पहिलं प्रमाण गाडीच्या मॅन्युअलमधलं. ते हाताशी नसेल तर छोट्या गाडीच्या ४ पीके बेल्टला, सगळ्यात लांब मोकळ्या भागावर, १० किलो जोराने, प्रत्येक २०० मिमीला नवा असल्यास ७ ते ८ मिमी आणि वापरलेला असल्यास ९ ते १० मिमी धरा. लांबी २५० असेल तर त्याच प्रमाणात वाढवा. "वापरलेला" म्हणजे वर्षभर चाललेला नव्हे. पाच मिनिटं इंजिनवर फिरला की तो मोजमापाच्या हिशोबात वापरलेला. तुमचा बेल्ट आठवडाभर फिरला आहे, तेव्हा नव्याचं घट्ट माप तुम्हाला लागू नाही.

१० किलोचा जोर अंगठ्याला कळत नाही. बहुतेक जण तीन-चार किलो देतात, बेल्ट जेमतेम हलतो, आणि त्यांना तो घट्ट वाटतो. वजनकाट्यावर अंगठा दाबून काटा १० वर नेऊन बघा, बोट दुखेल, तो १० किलो. त्याहून सोपं म्हणजे रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकचा स्प्रिंग काटा. बेल्टच्या दोन पुल्यांवर पट्टी टेकवा, मधोमध काट्याचा हुक अडकवा, १० किलोपर्यंत ओढा आणि बेल्ट पट्टीपासून किती सरकला ते स्टीलच्या पट्टीने मोजा. दाबा किंवा ओढा, माप तेच. चिमटीत धरून बेल्ट ९० अंश पिळायची पद्धतही चालते, पण फार घट्ट-फार ढिला एवढंच सांगण्यापुरती. त्यावर शेवटचं माप ठरवू नये.

माप जमलं की आधी पट्टीचा बोल्ट पूर्ण आवळा, मग खालचा लांब बोल्ट. ८ मिमी जाडीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, १० मिमीच्या बोल्टला ४५ च्या आसपास. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. आवळताना अल्टरनेटर मिलिमीटरभर फिरतो आणि खेळ बदलतो, म्हणून हे दुसरं माप पहिल्याइतकंच महत्त्वाचं. बदललं असेल तर पुन्हा सैल करा. दोन-तीनदा करावं लागलं तरी कुरकुर नको.

काही गाड्यांत पट्टीऐवजी उभा ॲडजस्टिंग बोल्ट असतो. त्यात टॉमी लागत नाही, बोल्ट फिरवला की ताण येतो. पण लॉकचा आणि खालचा बोल्ट सैल न करता तो फिरवू नका. आटे जातात आणि मग पूर्ण ब्रॅकेट बदलावं लागतं. स्प्रिंगचा ऑटो टेन्शनर असेल तर आवळायचं काहीच नसतं. खूण दोन रेघांच्या मध्ये आहे का एवढं बघायचं, आणि बेल्ट चढवल्यावर टेन्शनर हळू सोडायचा, सटकन नाही.

बॅटरी जोडा, चालू करा. बॅटरीचा लाल दिवा लगेच विझला पाहिजे. मल्टिमीटर बॅटरीवर लावून जरा रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर पूर्ण आणि एसी लावा. १३.२ च्या खाली उतरलं आणि त्याच वेळी बेल्ट ओरडला, तर तो घसरतो आहे. व्होल्टेज उतरलं पण बेल्ट गप्प आहे, तर ताणाकडे नंतर बघा, आधी वायरिंग आणि अल्टरनेटर. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. दहा मिनिटं चालवून बंद करा, थंड होऊ द्या आणि वापरलेल्या बेल्टच्या मापाने पुन्हा मोजा. नवा बेल्ट असेल तर या पहिल्या दहा मिनिटांतच तो सगळ्यात जास्त सैलावतो.

इतकं करूनही आवाज आला तर पाण्याची परीक्षा घ्या. इंजिन आयडलवर असताना, हात, बाही आणि गळ्यातलं उपरणं लांब ठेवून, बेल्टच्या धारांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडं साधं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे किंवा बेल्टला चकाकी आली आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा "चिक-चिक" सुरू झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत, आणि त्या स्पेसरकडे परत जायचं. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि रेसबरोबर वाढणारी शिट्टीसारखी घरघर असेल, तर ते बेअरिंग. खात्रीसाठी इंजिन थंड असताना बेल्ट काढा आणि वीस-तीस सेकंद चालवून बघा, त्याहून जास्त नाही. आवाज गेला तर दोष बेल्टवरच्या कशात तरी आहे, तसाच राहिला तर इंजिनमध्ये शोधा. तुमचं लक्षण, अर्धा मिनिट आणि मग शांत, हे पहिल्या प्रकारचं वाटतं. बॅटरी चार्ज करून, नीट माप घेऊन ते जायला हवं. पावसाळ्यात ओल्या सकाळी पहिल्या दोन सेकंदांचा "चिर्र" आला तर तो सोडून द्या.

बेल्ट जुना होतोय हे फक्त भेगांवरून ओळखू नका. जुन्या रबराचे बेल्ट तडकायचे. आता बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात, ते तडकत नाहीत, झिजतात. धारांमधली दरी रुंद होऊन तिचा तळ गोल दिसायला लागला की बेल्ट खाचेच्या तळाला टेकतो, आणि कितीही ताणला तरी पकड येत नाही.

उन्हाळ्याचं एक वेगळं सांगायला हवं. पारा ४५ च्या वर असताना एसी, रेडिएटरचा पंखा आणि ब्लोअर तिन्ही सतत चालतात, त्यामुळे दुपारी चारला वर्धा रोडवर अल्टरनेटर जितका राबतो तितका जानेवारीत राबत नाही. तुमच्या गाडीत पाण्याचा पंप याच बेल्टवर आहे का ते बोनेट उघडून बघून ठेवा. असेल, तर चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागणं म्हणजे नुसतं चार्जिंग गेलेलं नाही, पाणी फिरणंही थांबलेलं असू शकतं. अशा वेळी "बुटीबोरीपर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. गाडी बाजूला घेऊन तिथेच बंद करायची, नाहीतर हेड गॅस्केट जातं.

पहिले ३०० ते ५०० किमी झाले की थंड इंजिनवर पुन्हा एकदा माप घ्या, नंतर दर सर्व्हिसला. समृद्धीवर निघणार असाल तर ही पहिली तपासणी शिवमडक्याच्या आधी घरीच उरका. सलग तीन तास १०० च्या पुढे चालणं हे शहरातल्या पंधरा दिवसांच्या फिरण्यासारखं नसतं. आणि जुना बेल्ट कापला-फाटला नसेल तर फेकू नका. पट्टीच्या बोल्टचा पाना आणि एक लाकडी दांडा त्याच्याबरोबर गुंडाळून डिक्कीत टाकून ठेवा.